दाराबाहेरच्या चपला

देवरेताई पहिल्यांदा माझ्या घरी आल्या तेव्हा त्यांनी चपला दारात काढल्या, उचलल्या, एका कापडी पिशवीत घातल्या आणि पिशवी काखेत मारून सरळ आत आल्या. माझ्या सासूबाई देवापुढे बसल्या होत्या. त्यांनी जप थांबवून पाहुणीकडे आणि तिच्या पिशवीकडे असं काही पाहिलं की मला कुठे तोंड लपवू असं झालं. ताईंना त्याचं काहीच नव्हतं. त्यांनी बाहेरची खोली नजरेखालून घातली, स्वयंपाकघरात डोकावलं, गॅलरीच्या लोखंडी जाळीचं दार हाताने हलवून पाहिलं आणि विचारलं, "याची किल्ली कुठे असते?"

पाणी घ्या, बसा, घर सापडलं ना, यातलं काहीही अजून झालं नव्हतं.

"असेल कपाटात कुठेतरी," मी म्हटलं.

"असेल नको. कुठे आहे?"

सासूबाईंना राहवलं नाही. "आधी बसा तरी. आलात कशा? रिक्षाने?"

"आलात कसे ते सोडा, मावशी," ताई म्हणाल्या, "जाणार कसे ते सांगा."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. कोणाच्याही घरी, दुकानात, बँकेत, दवाखान्यात त्या शिरल्या की आधी दुसरा दरवाजा शोधत. लग्नात नवरा-नवरी एका टोकाला आणि या दुसऱ्या टोकाला, जेवणाच्या टेबलांमागच्या दाराजवळ खुर्ची ओढून बसलेल्या. त्यामुळे निम्म्या नातेवाइकांचा समज असा, की बाई जेवणावर टपून असते. तो समज त्यांनी कधी दूर केला नाही. "असू दे, दार तर दिसतं," म्हणायच्या.

आमची गाठ पडली ती अभ्यासामुळे. मी एका खासगी रुग्णालयाच्या कार्यालयात काम करते. आपल्याकडे अग्निसुरक्षेचं शिकलेलं कोणीतरी हवं असं वरच्यांच्या मनात आलं, आणि माझं बारावीला विज्ञान होतं एवढ्या भांडवलावर माझी निवड झाली. अग्निशमन आणि आपत्कालीन सेवा व्यवस्थापन, असं भारदस्त नाव असलेली ऑनलाइन पदवी. घर, नोकरी, मुलीची शाळा, आणि त्यावर संध्याकाळी लॅपटॉप उघडून स्प्रिंकलरच्या पाइपचा व्यास काढत बसायचं. मी मनातून धुमसत होते, आणि ते माझ्या तोंडावर स्पष्ट दिसत असणार. पडद्यावरच्या चौकोनांमध्ये देशभरातली माणसं होती, नाशिकची आम्ही दोघीच. पहिल्याच तासाला त्यांचा मेसेज आला, "नाशिकमध्ये कुठे?" मी लिहिलं, इंदिरानगर. उत्तर आलं, "मी पण. उद्या येते." येऊ का, असं त्यांनी विचारलं नव्हतं.

माझ्यासाठी ती पदवी म्हणजे एक कटकट होती. ताईंचं तसं नव्हतं. सातपूरच्या एका विजेची बटणं बनवणाऱ्या कारखान्यात त्या पॅकिंगला लागल्या होत्या. भांडून, शिकून, साहेबांच्या मागे लागून सेफ्टी सुपरवायझर झाल्या. आता व्यवस्थापन बदललं होतं, आणि नव्या साहेबांनी सांगितलं होतं की या जागेवर पुढे पदवीवालाच लागेल. पदवी मिळवा, नाहीतर बाहेरून माणूस येईल आणि तुम्ही पुन्हा पॅकिंग हॉलमध्ये. वयाच्या पंचेचाळिशीत त्यांनी बारावीची जुनी गुणपत्रिका शोधून काढली ती यासाठी.

अभ्यास करायची त्यांची पद्धत म्हणजे भांडण होतं. पाण्याच्या दाबाची गणितं त्यांना मुळीच जमायची नाहीत. मी सोडवून द्यायचे, त्या कागदाकडे बघून म्हणायच्या, "ज्याने हे लिहिलं ना, त्याने जन्मात बादली उचललेली नाही." चूक त्यांची असली तरी पुस्तकाला शिव्या. एकदा तर उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं दाखवलं तरी हटेनात. "छापणारा चुकला असेल," म्हणाल्या. सटाण्याकडच्या त्या; राग फार चढला की मराठी सुटून अहिराणी सुरू व्हायची. "माले माहीत शे!" असं ओरडल्या की समजायचं, त्यांना माहीत नाही आणि ते त्यांच्या लक्षात आलं आहे. इंग्रजी व्याख्या मात्र गॅलरीत फेऱ्या मारत अशा पाठ करायच्या की खालच्या मजल्यावरच्या बाई एकदा विचारायला आल्या, कोणतं स्तोत्र चालू आहे.

रविवारी त्या यायच्या तेव्हा स्कूटरवर मागे बहुधा मंगलताई असायच्या. मंगलताई त्यांच्याच पॅकिंगमधल्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून काठीशिवाय चालता येत नव्हतं, म्हणून आता कारखान्यात बसून लेबलं लावायचं काम करत. त्यांना घरून कामावर नेणं आणि परत आणून सोडणं हे ताईंचं रोजचं काम. सण असो, ताप असो, त्यात खंड नाही. मंगलताईंच्या मुलाने आईसाठी रिक्षा लावायचं काढलं तर ताई त्याच्यावर अशा उखडल्या की त्याने विषय सोडून दिला. आमचा अभ्यास चाले तेव्हा मंगलताई सोफ्यावर बसून सासूबाईंबरोबर शेंगा सोलत आणि मध्येच डुलकी घेत. फार गोड बाई. मला वाटायचं, मैत्री असावी तर अशी.

शेवटच्या वर्षी प्रकल्प करायचा होता. मी आमच्या रुग्णालयाच्या धोक्याच्या घंटांवर विषय घेतला; सोपा, सुटसुटीत, कोणाला त्रास नाही. ताईंनी विषय दिला, आग लागल्यावर दाराशी काढलेल्या चपलांमुळे होणारा अडथळा.

पडद्यावर प्रकल्पाचे गाईड सर हसले. दूर उत्तरेकडचे गृहस्थ, वाईट नव्हते, पण हसले. "मॅडम, किताब में चप्पल का चॅप्टर किधर है?"

बाकीचे चौकोनही हसले. ताई हसल्या नाहीत. "सर, किताब लिखनेवाले लोग बूट पहनके घर में घूमते हैं. हमारे यहाँ नहीं घूमते."

मग त्यांनी सांगितलं ते मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या कारखान्यात पॅकिंग हॉलमध्ये धूळ चालत नाही, म्हणून सगळ्या बायका दारातच चपला काढतात. काही वर्षांपूर्वी हॉलमध्ये धूर झाला. आग लहान होती, पण बायका दाराशी आल्या आणि तिथेच अडल्या, कारण प्रत्येक बाई चपला शोधत होती. एक बाई पडली, तिच्यावर दुसऱ्या पडल्या. मंगलताईंचं हाड मोडलं ते तेव्हा. चौकशी झाली, अहवालात लिहिलं गेलं, घबराटीमुळे चेंगराचेंगरी.

"पॅनिक नव्हतं, सर," ताई म्हणाल्या. "चपला होत्या."

"रिपोर्ट में तो पॅनिक लिखा है."

"रिपोर्ट गलत है."

"आपको कैसे पता?"

इतका वेळ ताडताड उत्तरं देणारी बाई नुसती पडद्याकडे बघत राहिली. शेवटी सरच म्हणाले, एक खरी घटना आणा, डोळ्यांनी पाहिलेली, कोणीतरी छातीठोकपणे सांगू शकेल अशी. ती मिळाली तर विषय मान्य, नाहीतर प्रकल्प नापास आणि पदवीचं एक वर्ष पुढे. ताईंजवळ एक वर्ष नव्हतं.

लॅपटॉप बंद झाल्यावर मी म्हटलं, "अहो, तुम्ही होतात ना तिथे? तुम्हीच सांगायचं ना!"

"होते," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला माझ्याच स्वयंपाकघरात निघून गेल्या.

पुढचे काही महिने ताई त्या एका घटनेच्या मागे लागल्या होत्या. न सांगता आगीचा सराव घेऊ द्या म्हणून त्यांनी कारखान्यात विनवण्या केल्या. तिथे सराव व्हायचा तो सुरक्षा सप्ताहात, आधी सूचना लावून, पाहुणे बोलावून, आणि नंतर वडापाव वाटून. बायका त्या दिवशी चपला घालूनच बसायच्या. "आमच्याकडे आग सांगून लागते," ताई म्हणायच्या. एका अभ्यासिकेच्या मालकाकडे गेल्या. जिन्यावर स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या बुटांचा खच पडलेला. त्याने हात जोडले. पुरावा काही मिळेना, आणि तोंडी परीक्षा जवळ येत चालली. ताईंचं जेवण कमी झालं होतं, चिडचिड वाढली होती, मंगलताईंवरसुद्धा खेकसायच्या आणि मग त्यांनाच गजरा आणून द्यायच्या.

अशात त्यांच्या थोरल्या भावाने पाथर्डी फाट्याकडे नवा फ्लॅट घेतला. चौथा मजला. वास्तुशांतीचं आमंत्रण मला ताईंनीच दिलं, तेही हेतू ठेवून. "जेवून लोक निघतील तेव्हा तू जिन्यात उभी राहा. चपला शोधायला किती गर्दी करतात ते मोबाइलवर घे. आग नाही तर नाही, निदान गर्दी तरी दिसेल." मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून मी गेले.

घर माणसांनी भरलं होतं. दाराबाहेरच्या चपला मावेनात म्हणून जिन्याच्या पायऱ्यांवर खालपर्यंत उतरल्या होत्या. आत होम चालू होता. तुपाचा, समिधांचा धूर सगळ्या खोल्यांत भरलेला. लोक डोळे पुसत, खोकत, हसत बसले होते. दादा, म्हणजे ताईंचे भाऊ, सोवळं नेसून होमापुढे, वहिनी शेजारी. धिप्पाड माणूस, गावाकडे शब्दाला मान, आवाज खणखणीत. ताई नेहमीप्रमाणे दाराजवळ, पिशवी मांडीवर घेऊन.

पूर्णाहुती झाली. दादा कपडे बदलून आले आणि पंगतीची तयारी सुरू झाली. तेवढ्यात दिवे गेले. कोणीतरी म्हणालं, नव्या घराला दृष्ट लागली, आणि सगळे हसले. मी ताईंकडे पाहिलं. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या आणि नाक वर करून वास घेत होत्या.

"हा होमाचा नाही," त्या म्हणाल्या. "वायरचा आहे."

त्यांनी दार उघडलं. जिन्यातून काळा धूर वर येत होता. तळमजल्यावर जिन्याखाली सगळ्या इमारतीचे वीजमीटर बसवले होते. ते पेटले होते, आणि जिना हाच त्या धुराला वर यायचा रस्ता होता. घरात आधीच धूर होता म्हणून आमच्यापैकी कोणालाच कळलं नव्हतं. दोन-तीन तरुण पोरं "चला, चला" करत अनवाणीच खाली पळाली. त्यांच्यामागे सगळं घर उठलं.

आणि जी बाई आयुष्यभर जाणार कसे ते सांगा म्हणत आली, तिने दार लावून घेतलं आणि ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

"कोणी बाहेर जायचं नाही! धूर जिन्यात आहे. सगळ्यांनी गॅलरीत व्हा. मनीषा, फायर ब्रिगेडला फोन लाव. टॉवेल आणा, ओले करा!"

मी फोन लावला. पत्ता दोनदा सांगावा लागला. आहेरात आलेले टॉवेल-टोप्यांचे गठ्ठे कोपऱ्यात पडले होते. मी ते फोडून पिंपात बुडवायला सुरुवात केली. लोक ओरडत होते. एका बाईने कडेवरचं लेकरू पुढे धरून ताईंच्या दंडाला नखं रुतवली. "ती पोरं गेली की! आम्हाला का कोंडता?" खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. माझी मुलगी घरी होती आणि मला जिवंत घरी जायचं होतं. ताई चुकत असतील तर? गणितात कायम चुकणारी बाई ही.

दादा गर्दीतून पुढे आले. "हो बाजूला."

"दादा, नको जाऊ. ऐक माझं."

"तुले काय समजस? मन्हं घर शे हाई!" त्यांनी बहिणीला खांद्याने ढकललं, दार उघडलं आणि बाहेर गेले. धुराचा लोट आत आला. त्यांच्यामागे दुसरा कोणी निघायच्या आत ताईंनी पुन्हा दार लावलं. वहिनी किंचाळली. "माझा माणूस बाहेर आहे!" ती ताईंच्या अंगावर धावून गेली, केस ओढले. ताई दारापासून हलल्या नाहीत. मी खाली बसून ओले टॉवेल दाराच्या फटीत कोंबत होते आणि त्यांचे पाय मला दिसत होते. बोटं फरशीवर घट्ट रोवलेली होती.

मग दारावर बाहेरून थापा पडल्या.

थापा पुन्हा पडल्या, या वेळी खालच्या बाजूला. दार उघडलं तर धूर सगळ्यांवर येणार. आम्ही दोघींनी हा धडा एकत्र वाचला होता, आणि पुस्तकात याचं उत्तर एका ओळीत होतं, दार उघडायचं नाही. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी टॉवेल पायाने सारला, दार उघडलं, आणि आम्ही दोघींनी दादांना बगलेत धरून आत ओढलं.

माणूस काळा पडला होता, श्वास लागला होता. आणि त्यांच्या हातात एक बूट होता. नवा, चकचकीत, वास्तुशांतीसाठी घेतलेला. बाकी सगळे गॅलरीकडे पळाले होते, आणि वहिनी धुराने डोळे चोळत होती. ताईंनी भावाच्या मुठीतून तो बूट सोडवला आणि शूज-रॅकच्या मागे सरकवून दिला. पाहिलं ते फक्त मी.

बंब आला. जवानांनी आग विझवली, जिना मोकळा केला, आणि तोंडावर ओली फडकी धरून एकेकाला खाली नेलं. दादांना दोन-तीन दिवस रुग्णालयात ठेवावं लागलं. बाकी कोणाला काही झालं नाही. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? जी पोरं पळाली ती ठणठणीत होती. मग बाकीच्यांना कोंडलं कशाला? कोणीतरी आतला आरडाओरडा मोबाइलवर घेतला होता, तो फिरला. कारखान्यातही पोहोचला, आणि नव्या साहेबांनी ताईंना बोलावून विचारलं की संकटात तुम्ही असंच वागता का. दादा घरी आले आणि सांगू लागले की ते मेन स्विच बंद करायला खाली गेले होते, पण बहिणीने मागे दार लावलं. सगळ्यांनी मान डोलावली. ताईही तिथे बसल्या होत्या. त्यांनी भावाच्या हातात औषधाची गोळी आणि पाणी दिलं.

मला संताप आवरेना. "ताई, सरांना हवी तशी घटना तुमच्या पुढ्यात वाढून ठेवली आहे! धुरात उभा राहून माणूस जिन्यावर बूट शोधत होता. तुम्ही पाहिलंत, मी पाहिलं. मी साक्ष देते. प्रकल्प पास, आणि तुमच्यावरचा डागही गेला."

"भाऊ आहे माझा," त्या म्हणाल्या.

"मग नाव सांगू नका."

"चौथ्या मजल्याचं घर, वास्तुशांती, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला. नाव सांगायला लागतं का? बुटासाठी मरत होता म्हणून जन्मभर हसतील त्याला." थोड्या वेळाने म्हणाल्या, "हसण्यासारखं नसतं गं ते. त्या वेळी माणसाला आपण काही मूर्खपणा करतोय असं वाटतच नाही."

मी रागाने दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. एक बाई डोळ्यांदेखत आपली नोकरी, तीन वर्षांचे कष्ट पाण्यात घालते आहे, आणि कोणासाठी, तर तिला चारचौघांत बोल लावणाऱ्या भावासाठी! पण तोंडी परीक्षेच्या रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलेच. परीक्षेला खोलीत एकटंच बसावं लागतं, कॅमेरा फिरवून खोली रिकामी आहे हे दाखवावं लागतं. म्हणून मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले. आवाज स्पष्ट येत होता. गाईड सर होते, आणखी एक परीक्षक बाई होत्या, आणि प्रकल्प कारखान्याशी जोडलेला म्हणून कारखान्यातर्फे नवे साहेब स्वतः बसले होते.

आधीचे प्रश्न बरे गेले. पाठ केलेल्या व्याख्या ताईंनी घडाघडा म्हटल्या. मग सरांनी विचारलं, ते केस का क्या हुआ? आणि साहेब मध्येच म्हणाले की त्यांच्या एका कर्मचारी बाईंचा हल्ली एक व्हिडिओ फिरतो आहे, त्याबद्दलही ऐकायला आवडेल.

"त्याचं उत्तर सरळ आहे," ताई म्हणाल्या. "जिन्यात धूर होता म्हणून दार लावलं. दार वाजलं म्हणून उघडलं. पुस्तकाप्रमाणे ते उघडणं चूक आहे. मार्क कापा." मी ओट्याची कड घट्ट धरली. आता सांगतील, आता तरी सांगतील.

"और चप्पल?" सरांनी विचारलं. "एक भी गवाह है?"

खुर्ची पुढे सरकवल्याचा आवाज आला. मग ताई बोलल्या. बोलल्या हिंदीतच, पण मला ते आठवतं ते मराठीतच, कारण त्यांचा आवाज घरचा होता.

"आहे. मी आहे. पॅकिंग हॉलमध्ये धूर झाला तेव्हा सगळ्यात पुढे मी होते. दार उघडं होतं, बाहेरचं ऊन दिसत होतं. माझ्या चपला नव्या होत्या. मी वाकले. माझ्या मागे मंगल होती, ती माझ्या पाठीवरून पडली, आणि बाकीच्या तिच्यावर पडल्या. सगळं तिथून सुरू झालं. कोण वाकलं होतं ते धुरात कोणाला दिसलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. अहवालात घबराट लिहिली, मी सही केली. पण घबराट नव्हती, सर. मी शांत होते. चपला शोधण्याइतकी शांत होते."

परीक्षक बाईंनी काहीतरी हळू आवाजात विचारलं. ताई म्हणाल्या, "हो, ती अजून माझ्याबरोबरच काम करते."

माझ्या डोळ्यांपुढून स्कूटरवर मागे बसलेल्या मंगलताई जाईनात. मी ओट्यापाशीच खाली बसले आणि रडले. मैत्री असावी तर अशी, म्हणत होते मी!

निकाल पुढे यथावकाश लागला. ताई पास झाल्या, गुण बेताचे. साहेबांनी त्यांना ती जागाही दिली, आणि वर्षभरात कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात, गुजरातच्या बाजूला, बदली झाली. फोन येतो कधीमधी. पण आजही ताई म्हटलं की मला तो रविवारच दिसतो.

लॅपटॉप बंद करून त्या बाहेर आल्या, तोंड धुतलं, पदर नीट केला. "साहेबांनी ऐकलंय," म्हणाल्या. "उद्या कारखान्यात सगळ्यांना कळेल. तिला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. तू गाडी चालव, माझ्याच्याने होणार नाही." आम्ही सातपूरला निघालो. माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात वाटेत जड होत गेला.

मंगलताईंच्या गल्लीत मी गाडी लावून कोपऱ्यावरच थांबले. दार मंगलताईंनीच उघडलं. काठी टेकत, हसत बाहेर आल्या आणि आत चल म्हणून हाताने खूण केली. ताई आत गेल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून बोलत होत्या; मला पाठ दिसत होती, शब्द ऐकू येत नव्हते. मंगलताईंच्या चेहऱ्यावरचं हसू मावळत गेलेलं मात्र मी तिथून पाहिलं. त्यांच्या हातातून काठी सुटली आणि फरशीवर पडली. देवरेताई ती उचलायला खाली वाकल्या, त्यांनी काठी हातात घेतली, आणि मग कितीतरी वेळ त्या वर उठल्याच नाहीत.